एकोणतीस मिनिटं

रहस्यकथा लिहिणाऱ्या नवोदितांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. कथा लिहिताय, प्रबंध नाही. जुना काळ दाखवायला कंदील, धोतर आणि घोडागाडी पुरे. बारीक तपशील वाचकाला कळत नाहीत, लागलेच तर नेटवर दहा मिनिटांत मिळतात, आणि फार खोदत बसलं की कल्पनाशक्ती मरते.

वाचकाला कळत नाही? माझ्या एका कथेत १९३८ सालचा नायक व्हिक्टोरियावाल्याच्या हातावर पंचवीस पैसे ठेवतो. मला म्हणायची होती पावली. पण शंभर पैशांचा रुपया आला १ एप्रिल १९५७ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे माझ्या कफल्लक नायकाने चार आण्यांऐवजी सव्वासहा आणे मोजले! आत्याने वाचून विचारलं, "एवढी बक्षिसी कशापायी रे?" खुनी कोण, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.

नेटवर मिळतं, हे खरं. जुनी गॅझेटियर्ससुद्धा मिळतात. पण शोधायला आधी शंका यावी लागते. 'नऊ वाजले' असं लिहिताना 'कुणाचे नऊ?' असा प्रश्न किती जणांना पडतो? १ जानेवारी १९०६पासून रेल्वे भारतीय प्रमाणवेळेने धावू लागली, मुंबईकरांनी मात्र आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो ३९ मिनिटं मागे होता आणि शहरात १९५५पर्यंत टिकून राहिला. त्यात १९४३ साली, युद्धामुळे, प्रमाणवेळच तासभर पुढे ढकललेली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रेल्वेच्या घड्याळात संध्याकाळी सात वाजता 'किर्र काळोखात' कुणाला भोसकलंत, तर मुंबईत तेव्हा चांगला उजेड होता.

सापडलेलं सगळं कथेत ओतू नये, एवढं मला मान्य. नाण्यांचा इतिहास सांगणारा फौजदार मलाही नको.

राहिली कल्पनाशक्ती. साल १९१२. गिरगावातल्या चाळीत खून होतो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊचे टोले पडत असतात. अख्ख्या मजल्याने ते ऐकलेत. संशयिताला मात्र त्याच रात्री बोरीबंदरच्या फलाटावर, स्टेशनच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झालेली असताना, दोघांनी पाहिलंय. खून करून दहा मिनिटांत गिरगावहून बोरीबंदर? घोडागाडीने? फौजदार त्याला सोडून देतो. दोन्हीकडचे साक्षीदार शपथेवर खरं बोलतायत, कुणाचंच घड्याळ बिघडलेलं नाही. फक्त फलाटावरचे नऊ-दहा म्हणजे चाळीतले आठ-एकतीस. चेहरा दाखवून गिरगावात परतायला त्याच्या हातात एकोणतीस मिनिटं होती.