‘तावूनसुलाखून’ या शब्दावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

अग्निशमन जवानांच्या मानसिक आघातावरच्या लेखाबद्दल तुम्ही दोन गोष्टी सुनावल्या आहेत. एक, ‘आघातानंतरची वाढ’, म्हणजे मोठ्या आघाताशी झगडून माणूस काही बाबतीत अधिक समर्थ होतो ही कल्पना, हा जखमेवरचा गोड मुलामा आहे. दोन, आगीच्या प्रत्येक मोठ्या वर्दीनंतर त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवून बोलतं करणं सक्तीचं हवं. पहिलं निम्मं मान्य. दुसरं अजिबात नाही.

जवान आघातातून ‘तावूनसुलाखून निघतात’ हे लेखातले माझे शब्द चुकलेच. सोनं भट्टीतून बाहेर आल्यावर रात्री दचकून उठत नाही. तेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांची १९९६ची प्रश्नावली ही वाढ मोजते: २१ विधानं, प्रत्येकी ० ते ५, जास्तीत जास्त १०५ गुण. त्यात ८० गुण मिळवणाऱ्या जवानाला शांत झोप लागत असेलच असं नाही. वाढ आणि त्रास एकाच माणसात नांदतात. शिवाय ‘पूर्वीचा मी’ आठवून तुलना करायची असते, आणि त्रासलेला माणूस तग धरण्यासाठीही ‘मी खंबीर झालो’ म्हणतो. त्यामुळे गुण बघून उपचार थांबवू नयेत.

पण निव्वळ मुलामाही नाही. वाढ आगीतून येत नाही, नंतरच्या झगड्यातून येते. मुखवटा तिसऱ्यांदा धुताना जळका वास पुन्हा नाकात भरणं वेगळं. ‘त्या खोलीत आधी शिरायला हवं होतं का’ हे धूर, पाण्याचा दाब आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली उरलेली हवा यांच्या हिशेबासकट तपासणं वेगळं. पहिल्यात माणूस अडकतो, दुसऱ्यातून कधीकधी पुढे सरकतो. मात्र ती वेळ त्याची त्याने ठरवायची.

म्हणूनच सक्ती नको. गटाने टप्प्याटप्प्याने बोलण्याची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. ते स्वतः पूर्वी अग्निशमन दलात होते, हेतू चांगलाच होता. पुढे रस्ते अपघातातल्या जखमींवरच्या अभ्यासात, सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांच्यापैकी अशा एका बैठकीला बसवलेले तीन वर्षांनीही त्रासातच राहिले. न बसवलेले सावरले. हे जखमी एकेकटे बोलले होते, जवानांचा गट नव्हता, हा फरक मान्य. तरी आधीच हादरलेल्याला सहकाऱ्याने पाहिलेलंही ऐकवायचं, यात धोका दिसतो.

मग त्या रात्री काय करायचं? पाणी, कोरडे कपडे, खाणं, घरी फोन. वेळा, आत शिरणं, पाण्याचे पाइप यांचा तांत्रिक आढावा घ्या, पण भावना त्यात कोंबू नका. कुणाला बोलायचंच असेल तर ऐका. हादरलेल्याला एकट्याने गाडी चालवत घरी सोडू नका. दोन-तीन दिवसांनी एका सहकाऱ्याने फोन करावा: झोप कशी आहे, दारू वाढली का? महिना उलटूनही ती दृश्यं मनात घुसत असतील, घटनेच्या जागेचा रस्ता टाळला जात असेल, मन बधिर किंवा सतत सावध असेल, तर आघातावर केंद्रित उपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. तिथे आठ-बारा बैठका लागतात, एक नाही.

आणि महिन्यावर थांबू नका. ऑस्ट्रेलियातल्या १९८३च्या वणव्यांनंतर मनोविकारतज्ज्ञ मॅकफार्लेन यांनी ४६९ अग्निशामकांना ४, ११ आणि २९ महिन्यांनी विचारलं, तेव्हा काहींचा त्रास उशिरा उघड झालेला दिसला. विचारणारा बढतीचा शेरा लिहिणारा अधिकारी मात्र नसावा. त्याला सगळेच ‘ठीक आहे, साहेब’ म्हणतात.