चौदाशे आठ सालचे नाणे

शाळेत भूगोलात मला काठावरच्या गुणांपलीकडे कधी काही मिळाले नाही. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर परदेशी नाणी जमवू लागलो, तेव्हा ही जुनी बाकी आता फिटेल अशी माझी भाबडी समजूत होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या पहिल्याच मुठीत ‘हेल्वेशिया’ नावाचा देश निघाला. नकाशासंग्रहाची सूची मी ‘ह’पासून धुंडाळली, ‘हेलसिंकी’ सापडले, ‘हेल्वेशिया’ नाही. हे स्वित्झर्लंडचेच लॅटिन नाव असल्याचे कळायला दोन दिवस गेले. तिथे जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा नांदतात, म्हणून नाण्यावर यांपैकी कोणाचीच नसलेली भाषा घातली आहे. आमच्या सोसायटीतही दोन गट हट्टाला पेटले की अध्यक्षपद बारा महिने मुलाकडे अमेरिकेत राहणाऱ्या सभासदाला देतात, त्यामुळे ही युक्ती मला लगेच पटली.

‘मग्यार’ म्हणजे हंगेरी, हे त्यामानाने सोपे गेले. ‘ह्र्वात्स्का’ म्हणजे क्रोएशिया, हे मात्र दाढेत सुपारी अडकल्याशिवाय उच्चारता येत नाही. ब्रिटिश नाण्यावर तर सहसा देशाचे नावच नसते. राणीला ओळखत नसाल तर दोष तुमचा.

देशांची ही तऱ्हा, तर सालांची आणखी वेगळी. नेपाळच्या नाण्यावरचे आकडे देवनागरीत असल्यामुळे मी निर्धास्त होतो, पण त्यावर २०५१ हे साल वाचून, अजून पाडलेच नसलेले नाणे आपल्या हाती आले कसे, या विचाराने मी रात्रभर तळमळलो. तो विक्रम संवत होता, म्हणजे साल १९९४.

या अनुभवाने शहाणे व्हायला हवे होते. मी त्याऐवजी अरबी आकडे शिकलो. त्यांचा पाच हा हुबेहूब आपल्या शून्यासारखा आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका, एवढे पचवून भिंगाखाली एक नाणे धरले. एका बाजूला खजुराचे झाड आणि दोन तिरप्या तलवारी, म्हणजे सौदी अरेबियाचे राजचिन्ह. खाली एक उभी रेघ, उलटा तीन, एक ठिपका आणि आपल्या आठाच्या जवळचे काहीतरी. १४०८! म्हणजे गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी असतानाचे, शिवजन्माच्या सव्वादोनशे वर्षे आधीचे नाणे मला वीस रुपयांत मिळाले होते. सौदी अरेबिया हे राष्ट्र १९३२ साली स्थापन झाले आणि नाण्याची कड यंत्रावर कातल्यासारखी एकसारखी आहे, या दोन क्षुल्लक अडचणींकडे मी दुर्लक्ष केले.

नाणे मखमलीच्या डबीत घालून ते समोरच्या ब्लॉकमधल्या, जेद्दाला नोकरी करून निवृत्त झालेल्या चिपळूणच्या गृहस्थांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणे उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अहो, हे हिजरी साल. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी! मी तिकडे गेलो तेच वर्ष,” ते म्हणाले, आणि आतल्या खोलीतून अशाच नाण्यांनी भरलेला बोर्नव्हिटाचा डबा घेऊन आले. “किती देऊ?”