३ डिसेंबर हा वाढदिवस नव्हे

‘३ डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्मदिवस’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. साफ चूक. त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगछुआन बेटावर त्यांनी प्राण सोडला. कॅथलिक परंपरेत संताचा सण बहुधा मृत्यूच्या तारखेला येतो, कारण तो दिवस स्वर्गातला जन्म मानतात. पुण्यतिथीच म्हणा ना! संतांपैकी जन्मदिवस साजरा होतो तो मोजक्यांचाच: योहान बाप्तिस्ता २४ जून, मरियामाता ८ सप्टेंबर. अर्थात मृत्युदिनाचा नियमही पक्का नाही. पोप जॉन पॉल दुसरे २ एप्रिल २००५ ला गेले, सण मात्र २२ ऑक्टोबरला. १९७८ मध्ये त्या दिवशी त्यांच्या पोपपदाचा प्रारंभविधी झाला होता.