पेजेचा डबा आणि ‘तोंडाने काही देऊ नका’

पक्षाघाताच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मला दिवसातून सर्वांत जास्त वेळा एकच वाक्य बोलावे लागते: “तोंडाने अजून काही देऊ नका.” नातेवाईक माझ्यावर सर्वांत जास्त रागावतात तेही याच वाक्यावरून. गोव्यातल्या सत्तरीतून, पेडण्यातून, कधी सीमेपलीकडच्या दोडामार्गातून पहाटे निघालेली माणसे स्टीलच्या डब्यात गरम पेज घेऊन येतात आणि मी त्यांना तो डबा उघडू देत नाही. दुखणाईताला पेज भरवण्याची रीत माझ्याही घरात आहे, त्यामुळे त्यांच्या मनाला काय वाटत असेल ते मला कळते.

तरीही मी अडवते, कारण लुळा पडलेला हात सर्वांना दिसतो, पण दुबळा झालेला घसा कोणालाच दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळताना अडचण येते. आपल्या श्वासनलिकेत पाण्याचा थेंब गेला तर आपल्याला ठसका लागतो; यांतल्या काही रुग्णांना तोही लागत नाही, घोट मुकाट्याने फुफ्फुसात उतरतो आणि एक-दोन दिवसांत न्यूमोनियाचा ताप चढतो. त्यात पेज तर फार अवघड, कारण तिच्यातले पातळ पाणी आणि शिते एकाच घासात असूनही घशात वेगवेगळ्या वेगाने उतरतात. त्यापेक्षा नाचणीचे घट्ट, गुठळ्या नसलेले सत्त्व पुष्कळ रुग्णांना सोपे जाते.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले ते माझ्याच चुकीने. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळी संपत आली असताना एका रुग्णाच्या मुलाने वडिलांना दोन घोट चहा देऊ का, असे विचारले. रुग्ण स्पष्ट बोलत होते, म्हणून मी मान हलवली. स्पष्ट बोलता येणे म्हणजे नीट गिळता येणे नव्हे, हे दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप आणि छातीतली घरघर पाहून मला समजले. ते बरे होऊन घरी गेले, पण नाकात नळी घेऊन काढलेले त्यांचे ते दिवस माझ्यामुळे वाढले होते.

आता मी आधी रुग्ण पुरता जागा आहे ना ते बघते, त्याला ताठ बसवते, खोकायला सांगते, मग चमचाभर पाणी देते आणि दोन बोटे गळ्यावर ठेवून कंठमणी वर उचलला जातो की नाही ते पाहते. त्यानंतर त्याला ‘आ’ म्हणायला लावते. आवाज ओलसर, घरघरता आला तर तिथेच थांबते. ही चाचणी होईपर्यंत गोळीसुद्धा तोंडाने द्यायची नसते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधील १९ स्ट्रोक युनिटांत, म्हणजे पक्षाघाताच्या खास वॉर्डांत, झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे औषध नव्हते. यांतल्या काही युनिटांत ताप, रक्तातली साखर आणि गिळणे या तीन गोष्टींवर नर्सेसनी नेमाने लक्ष ठेवायचे होते. ९० दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण तिथे ४२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीच्या युनिटांत ५८ टक्के. आमच्या कामाकडे ‘देखरेख’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

दोष मात्र नेहमी नातेवाइकांचाच असतो असे नाही. खाटेवर ‘तोंडाने काही नाही’ अशी पाटी लावून ती विसरून जाणे, शनिवारी रात्री आलेल्या माणसाला केवळ चाचणी करणारे कोणी नाही म्हणून सोमवारपर्यंत उपाशी ठेवणे, हाही मला तितकाच मोठा अपराध वाटतो. प्रत्येक पाळीत, चवथीच्या सुट्टीतही, ही चाचणी शिकलेली एक तरी नर्स असलीच पाहिजे. आणि तुमचा माणूस दाखल असेल, तर “गिळण्याची चाचणी झाली का?” असे तुम्ही निःसंकोच विचारा, त्याचा आम्हाला राग येत नाही.

गेल्या महिन्यात एका आजींच्या सुनेने पहिल्या दिवशी माझ्याशी अबोला धरला होता. चौथ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून आजींना नाचणीचे सत्त्व भरवले. डाव्या, लुळ्या गालात घास साचून राहतो आणि आजींना त्याची जाणीवही नसते, हे मी तिला दाखवले. घरी जायच्या दिवशी भरवून झाल्यावर, मी काही सांगण्याआधीच, तिने सासूबाईंना ‘आ’ करायला लावले आणि बॅटरीच्या उजेडात तो गाल तपासला.