वाळवी शुद्ध शाकाहारी असते

पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यायच्या विचारात असाल, तर आधी अभिनंदन. कर्वेनगरातल्या एका तळमजल्यावरच्या टू बीएचकेत बावीस महिने काढून आणि मागच्याच आठवड्यात डिपॉझिटचा हिशोब ‘समजून घेऊन’ मी बाहेर पडलोय. तेव्हा अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. फुकट नाही, डिपॉझिटमधून आधीच वळत्या झाल्यात.

पहिली गोष्ट, जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी फॅमिली’ लिहायला विसरू नका. घर दाखवताना काकांनी (घरमालक वयाने कितीही असला तरी काकाच असतो) हे आम्हाला तीनदा विचारलं. मासे? नाही. चिकन? नाही. अंडी? इथे मी अडखळलो, बायकोने सावरून घेतलं. बेडरूमच्या कपाटात त्या वेळी जे कुटुंब राहत होतं, ते या तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कांनी पास झालं असतं. लाकूड, कागद, पुठ्ठा, फार तर सुती कापड. बाकी काही तोंडात घालत नाही. एकत्र कुटुंब. पार्ट्या नाहीत, रात्री उशिरा येणं-जाणं नाही, भिंतीला खिळा ठोकत नाहीत. पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं राहिलं होतं.

दुसरी, नवा भाडेकरू यायच्या आधी कपाटांवर नवीन सनमायका मारून घ्या. आतल्या प्लायवूडला हात लावायची गरज नाही.

तिसरी, कपाटामागची बाथरूमची भिंत गळत असेल तर गळू द्या. वाळवीलाही पाणी लागतं.

चौथी, करारात ‘सदनिका सुस्थितीत ताब्यात मिळाली’ हे वाक्य हवंच. एजंट थंब घ्यायला मशीन घेऊन घरी येतो तेव्हा कुणी काही वाचत नाही. मीही नाही वाचलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाडेकरूचा फोन आला की काय करायचं? यात आमचे काका तयार गडी. जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी बेडरूममधल्या ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडला. मी फोन केला. ‘पावसाळ्यात होतंच हो, लाइट बंद करून बसा.’ बसलो. ऑगस्टमध्ये कपाटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली, भिंतीवरून वर गेलेली. पुन्हा फोन. ‘झाडूने काढून टाका ना.’ काढली. तीन दिवसांत परत, आता फाटा फुटलेली. खालच्या कप्प्यात आजोबांच्या रोजनिशा होत्या, 1971 ते 1988, एकावर एक रचलेल्या. वरचा पुठ्ठा अगदी शाबूत, नाव-गाव सुवाच्य. उचलायला गेलो तर पापडासारखा मोडला आणि आतून ओली माती सांडली. मातीत पांढरे ठिपके चालत होते. अठरापैकी चार वाचल्या. त्याच कप्प्यात कराराची प्रिंटही होती. अटी-शर्तींची सगळी पानं खाल्लेली, शेवटच्या पानावर काकांची सही मात्र ठणठणीत.

फोटो पाठवला. दोन निळ्या टिकल्या आल्या आणि दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘पुस्तकं फार आहेत तुमच्याकडे.’

हे वाक्य पाठ करून ठेवा. फार कामाचं आहे. म्हणजे वाळवीने आमची पुस्तकं बघून पत्ता शोधला! टेम्पोतून पुस्तकं उतरताना बघितली असतील, म्हणाली असेल, चला, सुशिक्षित माणसं दिसतायत. अहो काका, ही वाळवी जमिनीतून येते. तिचं वारूळ मातीत, राणी मातीत, आणि लाकडापर्यंत ती ओल धरून, उजेड टाळत, मातीच्या नळ्या बांधत येते. पुस्तकांपर्यंत पोचायला आधी तुमचा पाया, तुमची गळकी भिंत आणि तुमचं कपाट पार करावं लागतं. झुरळं झाली असती तर मी मान खाली घातली असती. ओट्यावर खरकटं ठेवलं असेल, डबा उघडा राहिला असेल, झुरळांचं जेल मी माझ्या पैशाने आणलं असतं. वाळवी खरकटं खात नाही हो. ती तुमचं घर खाते, आणि मधे माझं सामान आलं म्हणून तेही खाते!

पेस्ट कंट्रोलचा माणूस मीच बोलावला. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कपाटाच्या फळीवर ठकठक केली, आवाज भद्द. मग पातं टेकवलं तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. म्हणाला, ‘साहेब, वरून मारून उपयोग नाही. भिंतीच्या कडेकडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध जमिनीत सोडावं लागेल. पाच वर्षांची गॅरंटी देतो.’ काकांना स्पीकरवर घेतलं. काका म्हणाले, ‘टाइल्सला भोकं चालणार नाहीत. वरून फवारा.’ तीनदा फवारलं, तिन्ही वेळा माझ्या खर्चाने. दिसतात तेवढ्या मेल्या, खालच्यांना पत्ताही नाही.

कायद्याची भीती बाळगू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे खरं. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत, हेही खरं. माझं भाडं 21,000, म्हणजे पाव हिस्सा झाला 63,000. तेवढ्यात वाळवी गेली असती आणि टाइल्सही नव्या आल्या असत्या. पण त्याच कलमात ‘करारात वेगळं काही ठरलं नसेल तर’ अशी पाचर मारलेली आहे. शिवाय तुम्ही भाडेकरू ठेवताच कुठे? लीव्ह अँड लायसन्स! कागदावर मी परवानाधारक. काकांचा भाचा वकील आहे. त्याने फोनवर हे मला इतक्या प्रेमाने समजावलं की मी त्याचे आभार मानले. कलम 24 मात्र काकांना भाच्याशिवाय पाठ आहे: मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट.

घर सोडलं त्या दिवशी टेम्पो भरत असताना वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. ‘तुमच्याही कपाटाला लागली का? आधीच्यांचा तर दिवाणच गेला होता हो. मग यांनी वरून नवीन पॉलिश-बिलिश करून घेतलं.’ आजी सहज बोलून गेल्या आणि भाजी आणायला निघून गेल्या.

संध्याकाळी हिशोब आला. डिपॉझिट 60,000. वजा कपाट नवीन करणे, 22,000. कारण: ‘भाडेकरूच्या हलगर्जीमुळे वाळवी.’

बास आता. पुरे झाल्या युक्त्या.

काका, तुम्हाला माहीत होतं. आधीच्या माणसाचा दिवाण तुमच्या डोळ्यांदेखत गेला आणि तुम्ही त्यावर सनमायका चिकटवून आम्हाला अंड्यांबद्दल विचारत बसलात. तुमच्या भाच्याला एक सांगा. ज्या परवान्याच्या आड तुम्ही लपलात, त्याची व्याख्या 1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टमध्ये आहे, कलम 52. त्याला म्हणावं, आणखी पाच कलमं पुढे वाच. कलम 57: परवानाधारकाच्या जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मिळकतीत आहे, तो मालकाला ठाऊक आहे आणि परवानाधारकाला नाही, तर मालकाने तो सांगायलाच हवा. इंग्रजांनी लिहून ठेवलंय. तेव्हाही असे काका होते म्हणूनच लिहिलं असणार!

आणि वाचून हसताय त्या तुम्हीही. तुमच्यातल्या कितीतरी जणांचा एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला असेल. कधी गेला होतात तिथे शेवटचं? भाडं जमा झालं की नाही ते पाच तारखेला बघता, कपाट कधी उघडून बघितलंत? वाळवी आहे तर आहे म्हणून सांगा ना. माणसं तरीही राहतात, पुण्यात घर मिळणं किती सोपं आहे ते तुम्हालाही माहितीये. फक्त आपल्या वस्तू वर ठेवतात. मी आजोबांच्या रोजनिशा माळ्यावर ठेवल्या असत्या. एवढंच करायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं!

माझा खाते क्रमांक तुमच्याकडे आहे, काका. बावीस महिने त्यातूनच भाडं येत होतं. येत्या पाच तारखेपर्यंत 22,000 त्यात जमा करा. नोटीस तयार आहे, आजींनी काय पाहिलं ते लिहून द्यायला त्या तयार आहेत, आणि फळीचा एक तुकडा मी पिशवीत घालून आणलाय. त्यात अजून हालचाल आहे.