बोटाला चिमटा, जिवाला घोर

वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, रात्रपाळीत सगळ्यात जास्त कोण छळतं, ती पेशंटचं नाव घेणार नाही, डॉक्टरांचंही नाही (म्हणजे लगेच तरी नाही), ती म्हणेल, सॅच्युरेशनचा प्रोब, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के ते मोजायला बोटाला लावतात तो ऑक्सिमीटरचा चिमटा. पेशंट गाढ झोपलेला, नातेवाईक खुर्चीत मान वाकडी करून पडलेले, आणि हा एवढासा चिमटा टिंगटिंग करून सगळ्यांना उठवतो. उठलेला प्रत्येक जण पेशंटकडे नाही, मॉनिटरकडे बघतो. मग हाळी येते, "ओ सिस्टर, ८२ झालं हो!"

पळावंच लागतं, कारण एखाद वेळी ते खरं असतं. जाऊन बघावं तर काका मजेत घोरतायत, ओठांचा रंग ठीक, श्वास एका लयीत, आणि प्रोब घसरून बोटाच्या शेंड्याला कसाबसा लटकलेला. निम्मा उजेड बोटातून जातोय, निम्मा बाहेरून, आणि मशीन बिचारं दोन्हीचा मिळून हिशोब लावून ठामपणे ८२ सांगतंय. मला त्याचा तो ठामपणाच खटकतो, "नीट दिसत नाहीये" असं साध्या शब्दात म्हणायला काय जातं?

तसं यंत्र हुशार आहे. एका बाजूला दोन दिवे, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा, आणि समोर सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, न घेतलेलं लाल. पण कातडी, हाड, मांस सगळंच उजेड अडवतं, मग रक्ताचं वेगळं कसं काढायचं? तर नाडीबरोबर जेवढं कमीजास्त होतं तेवढंच मोजायचं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७० च्या दशकातली. ते रक्तात रंग सोडून हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते आणि नाडीचे ठोके मध्ये मध्ये लुडबुड करून आलेख बिघडवत होते, तर त्यांनी त्या लुडबुडीचाच उपयोग करून घेतला.

म्हणजे नाडी सापडली तर आकडा खरा, नाहीतर नुसती करमणूक. म्हणून मी आधी मॉनिटरवरची नाडीची लाट बघते, ठसठशीत, एकसारखी येतेय का, आणि मशीनवरची पल्स मनगटावर हात ठेवून मोजलेल्या पल्सशी जुळतेय का. मग आकडा. नातेवाईकांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि परत आकडाच बघतात.

नाडी न सापडायला कारणं काय कमी आहेत? हात गारठलेला, मग तो चोळा, पांघरुणात घ्या, थोडं थांबा. नखांवर गडद निळं नाहीतर काळं नेलपॉलिश, मग ते काढायला परवानगी मागा, आणि ती कधी सहज मिळत नाही. बीपीचा कफ, म्हणजे दंडावरचा पट्टा, त्याच हाताला, तो फुगला की बोटातलं रक्त बंद, सॅच्युरेशन धाडकन खाली, अलार्म, हाळी, कफ सुटला की सगळं जागेवर. एका काकांचं तर काही केल्या स्थिरच होईना, शेवटी चादर वर केली तर काका प्रोब लावलेल्या बोटानेच मोबाईल सरकवत होते. "काका, हात जरा स्थिर ठेवा." "अगं मी कुठे हात हलवतोय, बोट हलवतोय!"

आणि दुसरं म्हणजे मार्कांची चढाओढ. "पलीकडच्या बेडला ९९ आहे, आमचं ९७ च का?" अहो, यंत्रातच दोनेक टक्क्यांचा इकडेतिकडे असतो! आणि सीओपीडी या फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या आजोबांना डॉक्टरांनी मुद्दाम ८८ ते ९२ ठरवून दिलेलं असतं, तर त्यांचा मुलगा माझी पाठ वळली की फ्लोमीटरची गोळी हळूच वर चढवून ऑक्सिजन वाढवून ठेवतो. त्या आजोबांना जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते, पण मुलाला ९८ बघून झोप लागणार असते.

उलट खरी भीती चांगल्या आकड्याचीच वाटते. धुरात कोंडलेला पेशंट येतो, हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला, आणि साधं ऑक्सिमीटर मात्र छान ९९ दाखवतं कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनमधला फरकच कळत नाही. काळसर त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, २०२० मध्ये त्यावर बरीच चर्चाही झाली. पेशंटला धाप लागलीय, वाक्य पुरं होत नाहीये आणि कुणी "९६ आहे की" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

परवा तर एका चिरंजीवांनी घरचं ऑक्सिमीटर आणून वडिलांच्या दुसऱ्या हाताला लावलं. आमचं ९५, त्यांचं ९७. "सिस्टर, आता यातलं खरं कुठलं?" मी म्हटलं, तशी खात्रीच करायची तर एबीजी ही रक्ताची तपासणी आहे, डॉक्टरांना सांगते, मनगटाच्या आर्टरीत सुई घालून रक्त काढतात, जरा दुखतं.

झोपलेत असं आम्ही धरून चाललो होतो ते वडील डोळे न उघडता म्हणाले, "ते तुझं खेळणं आधी खिशात घाल."