ढोलकीला ३० मिलिसेकंद अटॅक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ढोलकीच्या कॉम्प्रेशनवरच्या (मोठे आवाज आपोआप दाबण्यावरच्या) माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की अटॅक, म्हणजे दाब चढायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंद ठेवला तर तेवढा वेळ कॉम्प्रेसर नुसता बसून राहतो, थाप निसटते, पीक (आवाजाची सर्वांत उंच टोकं) तसेच राहतात आणि हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा) उरत नाही. शिवाय ११७६ या कॉम्प्रेसरच्या अटॅक नॉबची दिशा मी उलटी दिली आहे. आणि शेवटी, "मित्रा, आधी शिक, मग शिकव."

नॉबचं तुमचं बरोबर. ११७६ वर अटॅकचा नॉब उजवीकडे नेला की वेग वाढतो. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण "आधी शिक"? आपली ओळख नाही, एकेरीवर कसे आलात? १६ वर्षं मी ढोलकी, संबळ, पखवाज रेकॉर्ड करतोय. २००९ मध्ये एका लावणीच्या मिक्सला मीही अटॅक १ मिलिसेकंदावर नेला होता. मीटर छान हलत होता. ढोलकीवाल्या काकांनी हेडफोन लावला, दोन आवर्तनं ऐकली आणि विचारलं, "माझी बोटं कुठं गेली?" थापेचं टोक कापलं गेलं होतं, मागे नुसता घुमारा उरला होता. ती रात्र मी अटॅक थोडा थोडा वाढवत काढली. शिकणं म्हणतात ते हेच ना?

आणि कॉम्प्रेसर ३० मिलिसेकंद बसून राहत नाही हो! आवाजाने थ्रेशोल्ड (आपण ठरवलेली पातळी) ओलांडला की तो लगेच दाबायला लागतो. अटॅक म्हणजे त्या दाबाचा बहुतांश भाग गाठायला लागणारा वेळ. किती भाग, ते प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, म्हणून एकाचे ३० दुसऱ्याच्या ३० सारखे ऐकू येत नाहीत. थापेचं टोक पहिल्या काही मिलिसेकंदांत निघून जातं, ते जाऊ द्यायचंच असतं. दाब घुमाऱ्यावर हवा.

रिलीजबद्दल, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळेबद्दल, तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, खरी गोम तिथे आहे. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, चौपटीत दोन थापांमधलं अंतर १२५. रिलीज ४०० ठेवलात तर पुढची थाप येते तेव्हा कॉम्प्रेसर आधीच दाबून बसलेला असतो, मग अटॅक कितीही ठेवा, थाप मऊच.

हेडरूमचा मुद्दा लिमिटरचा (पीक ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या यंत्राचा) आहे, तो इथे नको.

एकच ठेका १ आणि ३० अशा दोन्ही अटॅकवर, पातळी समान करून, मी पाठवायला तयार आहे. ऐका आणि जरूर लिहा. फक्त अहो-जाहो करून.